चाकं आधी, बॉडी नंतर: सनबोर्डची बोलेरो घरच्या घरी

गाडीचं मॉडेल करायला बसलात की आधी चाकं करा. बहुतेक जण उलटं करतात, आधी बॉडी कापतात, चिकटवतात, रंगवतात आणि मग चाकांसाठी घरभर शोधाशोध सुरू होते, शेवटी बाटलीची झाकणं लावायची नाहीतर एखाद्या तुटक्या खेळण्याची चाकं उचकटून बसवायची, आणि एवढ्या मेहनतीची गाडी लांबूनच नकली दिसते. बॉडीत २ एमएम इकडचं तिकडे झालं तर डोळ्याला खपतं पण चाक २ एमएमनी लहान पडलं की ती गाडी उभीच राहिल्यासारखी वाटत नाही. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत झिंक डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेलं जस्त दाबाने साच्यात (डायमधे) घालून पार्ट काढायच्या, एका छोट्या शॉपमधे ११ वर्षं काढली, मॉडेलं त्याच्याही आधीपासून करतोय, आणि आता मे महिन्याच्या सुट्टीत सिन्नरहून भाचा आला की आम्ही दोघं मिळून एक गाडी पूर्ण करतो. त्यालाही पहिल्या दिवशी फक्त चाकंच करायला देतो.

खेळण्यातल्या गाड्यांच्या धंद्यात मोठी उलथापालथ झाली तीसुद्धा चाकांवरूनच झाली. इंग्लंडमधे लेस्नी नावाची कंपनी होती, तिथल्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती म्हणून त्याने तिला पितळेचा छोटासा रोडरोलर करून काडेपेटीत घालून दिला, आणि त्यातून १९५३ ला मॅचबॉक्स गाड्या सुरू झाल्या. त्या दिसायला फार सुंदर पण एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारी दांडी, जाड, खिळ्यासारखा, ढकलली की थोडं जाऊन थांबायची. १९६८ ला अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्स काढली, पहिल्या वर्षी १६ गाड्या, बारीक तारेचा एक्सल जो थोडा स्प्रिंगसारखा दबायचा आणि चाकाच्या आत कमी घर्षणाचं प्लास्टिकचं बेअरिंग. सोडली की सुसाट. पोरांनी एकदा ती पळताना पाहिल्यावर जुन्या गाड्यांकडे कोण बघणार, लेस्नीला लगेच १९६९ पासून सुपरफास्ट नावाने बारीक एक्सलची चाकं आणावी लागली. बॉडी तीच, साचे बरेचसे तेच, चाकं बदलली.

आता स्केल. काडेपेटीच्या आकाराच्या गाड्यांत ट्रकही तेवढाच आणि कारही तेवढीच, कारण माप खोक्याचं होतं, गाडीचं नव्हतं. मॉडेलमधे तसं चालत नाही, खऱ्या गाडीचं प्रत्येक माप एकाच आकड्याने भागायचं. १:१८, १:२४, १:४३, १:६४ हे नेहमीचे स्केल. यातला १:४३ विचित्र वाटतो ना, तो रेल्वेतून आलाय. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीची मेकॅनो कंपनी खेळण्यातल्या ट्रेन करायची, त्यांच्या ओ गेज नावाच्या ट्रेनच्या मापात १ फुटाला ७ एमएम धरायचे, फूट म्हणजे ३०४.८ एमएम, त्याला ७ ने भागलं की ४३ आणि वर थोडं. त्या ट्रेनशेजारी स्टेशनवर उभ्या करायला म्हणून १९३३ ला छोट्या गाड्या काढल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना डिंकी टॉईज हे नाव मिळालं. त्या डिंकीचे काही जुने साचे नंतर कलकत्त्याला आले आणि त्यातून निकी टॉईज नावाने आपल्याकडेच गाड्या ओतल्या जायच्या. कुणाच्या माळ्यावर जुन्या ट्रंकेत अशी एखादी असेल तर आधी पालथी करून नाव वाचा, फेकू नका.

आपण १:२४ घेऊ. यात गाडी तळहातापेक्षा थोडी लांब होते, बारकावे करता येतात आणि सामानही घरगुती चालतं. आणि गाडी बोलेरो, कारण एक तर ती सरळ रेषांची, डब्यासारखी, नवशिक्याला कर्व्ह करत बसावं लागत नाही, दुसरं म्हणजे ती आपल्या नाशिकच्याच महिंद्राच्या प्लांटमधून निघते आणि कुठल्याही गल्लीत, त्र्यंबकेश्वरला जाताना, मार्केट यार्डात, मोजायला उभी सापडते. मालकाला विचारून टेप लावा, खूष होऊन तोच दुसरं टोक धरतो असा माझा अनुभव आहे.

कंपनीचे आकडे असे: लांबी ३९९५ एमएम, रुंदी १७४५, उंची १८८०, व्हीलबेस म्हणजे पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत २६८०. सगळ्याला २४ ने भागा. लांबी १६६.५, रुंदी ७२.७, उंची ७८.३, व्हीलबेस १११.७, तो आपण ११२ धरू. टायर २१५/७५ आर १५, याचा व्यास काढायची पद्धत शिकून ठेवा, कुठल्याही गाडीला लागते. २१५ ही रुंदी, ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ एमएम, ती वर एकदा आणि खाली एकदा, मधे १५ इंचाची रिम म्हणजे ३८१. बेरीज ७०३. भागिले २४, साधारण २९ एमएम. टायरची रुंदी ९ आणि रिम १६. हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा.

बाकीची मापं, म्हणजे बॉनेट किती लांब, काच कुठून सुरू होते, दरवाजाची रेघ कुठे, ही फोटोवरून काढायची असतील तर गाडीच्या बाजूला लांब, २०-२५ पावलं मागे जाऊन झूम करून फोटो काढा. जवळून काढला तर मधला भाग फुगतो आणि टोकं लहान दिसतात, आणि ती चूक मग पूर्ण मॉडेलभर पसरते.

सामान फार नाही. ३ एमएम आणि ५ एमएम सनबोर्ड म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकची हलकी शीट, हे फ्लेक्स बोर्डवाल्यांकडे मिळतं, त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते मागा, पूर्ण शीट घ्यायची गरजच नाही. आपल्याकडे एसटीच्या लालपरीची जी सुंदर सुंदर मॉडेलं पोरं करतात ना, तीही बहुतेक याच सनबोर्डची असतात. पेपर कटर, स्टीलची पट्टी, फेविक्विक, खाण्याचा सोडा, पॉलिश पेपर ८०, २२०, ४०० आणि ८०० नंबर, एनसी पुट्टी, प्रायमर आणि रंगाचे स्प्रे. सायकलवाल्याकडून जुन्या दोन स्पोक, रिकाम्या प्लास्टिकच्या रिफिली, आणि एक काळी रबरी स्लिपर, झिजलेली.

हो, स्लिपर. गावाकडे आमच्या पिढीने स्लिपरच्या चकत्या कापून, तारेत ओवून गाड्या पळवल्यात, आणि आज इतक्या वर्षांनीही १:२४ च्या टायरला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला मिळालेलं नाही. झिजलेलीच घ्या कारण तिचा पुढचा भाग घासून ९-१० एमएमचाच राहिलेला असतो आणि आपल्याला तेवढीच जाडी पाहिजे. काळीच घ्या कारण रबर वाकतं आणि वाकलं की त्यावरचा रंग तडकतो.

कंपासने ३२ एमएमची पाच वर्तुळं काढा, चार चाकं आणि पाचवी मागच्या दारावरची स्टेपनी. कटरने कापा, कडा वेड्यावाकड्या आल्या तरी चालतील. दाभणाने मधोमध भोक पाडून ते ३ एमएमचं करा. आता पाचही चकत्या एकाच ६० एमएम लांब एम३ बोल्टवर ओवा, दोन्ही टोकांना वॉशर आणि नट. बोल्टचा उघडा राहिलेला शेंडा ड्रिल मशीनच्या चकमधे धरा. मशीन हळू फिरवायचं आणि लाकडाच्या सपाट पट्टीला चिकटवलेला ८० नंबरचा पेपर हलकेच टेकवायचा. काळा भुसा उडतो, मास्क आणि गॉगल पाहिजेच, आणि पोरांच्या हातात मशीन देऊ नका, त्यांना व्हर्निअर द्या. दर अर्ध्या मिनिटाने थांबून व्यास बघायचा. ३१, ३०.४, २९.८, भाचा ओरडून सांगतो आणि मी थांबतो. पाचही एकत्र घासल्यामुळे पाचही एकसारखी होतात, एकेक करत बसलात तर कधीच होणार नाहीत.

इथे एक गोष्ट मी दोनदा चुकल्यावर समजली. नट फार आवळला की रबर दबतं आणि कडेने बाहेर फुगतं, त्या फुगलेल्या अवस्थेत २९ एमएम केलं की नट सोडल्यावर चाक २८ पेक्षाही कमी भरतं. म्हणून चकत्या फक्त एकमेकींवर फिरणार नाहीत इतपतच आवळा. शेवटी २२० चा पेपर फिरवा, फिरत्या चकत्यांवर तिकोनी कानशीची धार दोन ठिकाणी टेकवा म्हणजे टायरला गोल खाचा पडतात, आणि बोल्टवरून काढल्यावर प्रत्येकाच्या बाहेरच्या कडेची धार हाताने मारा. टेबलावर ठेवून बघा, नुसतं ते चाकच बघत बसावंसं वाटतं.

रिमसाठी १६ एमएमचं कोटाचं बटण, चार भोकांचं. स्टीलच्या रिमसारखंच दिसतं, सिल्व्हर रंग द्यायचा आणि एक्सल बसल्यावर बाहेरून चिकटवायचं म्हणजे एक्सलचं टोकही झाकलं जातं.

खरी बोलेरो लॅडर चासीवर, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर, उभी आहे, आपणही तसंच करू. ५ एमएम सनबोर्डच्या दोन लांब पट्ट्या, १५५ एमएम लांब आणि १० एमएम उंच. दोन्ही टेपने एकमेकींना बांधून, एकाच वेळी आरपार, ११२ एमएम अंतरावर ३ एमएमची दोन भोकं. वेगवेगळी पाडली तर पाव एमएमचा तरी फरक पडतो आणि गाडी तिरकी चालते. मग टेप सोडून पट्ट्या एकमेकींपासून ३५ एमएम अंतरावर उभ्या करा, मधे आडवे तीन तुकडे लावा, झाली चासी. भोकांतून रिफिलची नळी आरपार घाला, तिची बाहेरची जाडी साधारण ३ एमएम असते, आणि आतून स्पोक. रिफिली कमीजास्त असतात म्हणून स्पोकचा तुकडा हातात घेऊन चार-पाच घालून बघा, सैल फिरली पाहिजे पण खडखडायला नको. चाकाच्या भोकातही रिफिलचाच तुकडा बुशसारखा बसवा आणि त्यात स्पोक फेविक्विकने पक्का करा. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६८ एमएम ठेवा म्हणजे बॉडीच्या जराशी आत राहतील.

आता ही चासी आरशावर ठेवा. चारही चाकं टेकतात का? कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघा, एकाखालून सहज निघाली तर ते चाक हवेत आहे. फेविक्विक सुकायच्या आत हाताने पीळ देऊन नीट करा, सुकलं असेल तर आडवे तुकडे काढून परत लावा. आळस करू नका, वर बॉडी चढली की हे दुरुस्त होत नाही.

बॉडी मग दोन दिवसांचं काम. ३ एमएम सनबोर्डवर बाजूचे दोन भाग काढा, खिडक्या आणि चाकांच्या कमानी कापा, कमान ३४-३५ एमएमची, चाकाभोवती सगळीकडे सारखी फट दिसली पाहिजे. कटर एका झटक्यात दाबू नका, तीनदा हलक्या हाताने ओढा, ब्लेड बोथट वाटलं की टोक मोडून नवं घ्या. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: पुढचा, मागचा आणि तळाचा भाग ७२.७ रुंद कापायचा नाही. बाजूचे दोन भाग ३-३ एमएम जाडीचे आहेत, ते बाहेरून लागणार, म्हणून मधले भाग ६६.७ चे. हे विसरलं की मॉडेल ६ एमएमनी रुंद होतं, खऱ्या गाडीत ते जवळपास अर्धा फूट होतं, मग काहीतरी चुकलंय हे दिसतं पण नक्की काय ते कळत नाही.

तळ चासीवर बसवा, बाजू उभ्या करा, मग पुढची जाळी, बॉनेट, काचेची चौकट, छप्पर. छपराच्या आणि बॉनेटच्या कडा खऱ्या गाडीत किंचित गोल असतात, चिकटवून झाल्यावर २२० च्या पेपरने त्या घासा. फटी राहिल्या तर सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडा, क्षणात दगड होतो, वाफ येते म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड लांब. नंतर एनसी पुट्टीचा पातळ हात, सुकली की ४०० चा पेपर.

भाचा विचारतो, मामा तू तर मेटलचं काम करायचास मग हे मेटलमधेच का नाही ओतत? तर ते नीट सांगतो. दुकानातली मेटलची गाडी ज्या धातूची असते तो झॅमॅक, म्हणजे जस्त, त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, अगदी थोडं मॅग्नेशियम आणि काही ग्रेडमधे १ टक्का तांबं. ४०० डिग्रीच्या आसपास तो पाण्यासारखा पातळ असतो. हॉट चेंबर मशीनमधे भट्टीतल्या पातळ धातूतच प्लंजर बुडालेला असतो, शॉट मारला की धातू नळीतून डायमधे घुसतो, काही सेकंदांत डाय उघडते, इजेक्टर पिन पार्ट बाहेर ढकलतात, रनर म्हणजे धातू आत जायच्या वाटेत गोठलेला तुकडा आणि कडेचा पापुद्रा म्हणजे फ्लॅश ट्रिम करायचा, पुढचा शॉट. गाडीच्या बाजूवर दाराची रेघसुद्धा एवढी कोरीव येते ती या दाबामुळे. हे घरी होत नाही, करायला जाऊ नका, ४०० डिग्रीच्या धातूत ओलाव्याचा एक थेंब पडला तरी तो उसळतो, मी हातावर त्याची खूण घेऊन फिरतोय. शिवाय एक डाय बनवायला जो खर्च आणि वेळ लागतो तो हजारो गाड्या काढल्या तरच वसूल होतो. जुन्या काळी आधी तीन-चार पट मोठं लाकडी मॉडेल करायचे आणि पँटोग्राफने तेच माप लहान करत स्टीलमधे कोरायचे, म्हणजे मेटलच्या गाडीची सुरुवातसुद्धा कुणीतरी हाताने केलेल्या मॉडेलपासूनच व्हायची.

आमचे फोरमन काका भट्टीजवळ सोल्डरचा तुकडाही येऊ द्यायचे नाहीत. सोल्डरमधे शिसं आणि कथिल, आणि झॅमॅकमधे शिसं कणभर जास्त गेलं की पार्ट आज चांगला दिसतो पण काही वर्षांनी आतून फुगतो, बारीक भेगा पडतात आणि एक दिवस बोटात चुरा होतो. १९३० च्या दशकातल्या कितीतरी डिंकी गाड्या याच रोगाने गेल्या. याला इलाज नाही. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदावरीकाठच्या, बाजारात किंवा कुणाकडे जुनी मेटलची गाडी घेताना आधी भिंगाने कडा बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर पैसे घालू नका.

तीच गाडी धडधाकट असेल आणि फक्त रंग गेला असेल तर खालून रिव्हेटच्या डोक्यावर ४ एमएमचं ड्रिल हलकं फिरवलं की चासी सुटते, पेंट रिमूव्हर लावून रंग काढता येतो, हातमोजे घालून. कॉस्टिक सोडा मात्र नको, तो जस्तालाच खातो. आणि फार जुनी असेल तर रंग काढूच नका, तिचा पहिला रंग परत येत नाही.

परत आपल्या बोलेरोकडे. रंग देण्याआधी चाकं टेपने झाका. कॅन गाडीपासून ३० सेंटीमीटर दूर धरायचा, हात थांबवायचा नाही, ग्रे प्रायमरचे दोन पातळ हात, ८०० चा वॉटर पेपर, मग पांढरा, तीन-चार पातळ हात, प्रत्येकाच्या मधे १५-२० मिनिटं. एकदम जाड मारला तर थिनरने सनबोर्ड मऊ पडून वर लाटा येतात. हवा बघा. आषाढात मी एकदा घाईने काळी जीप रंगवली, सकाळी बघतो तर सगळ्यावर दुधाळ झाक, हवेतला ओलावा रंगात अडकला होता आणि सगळं घासून परत करावं लागलं. आपल्याकडे थंडीतही सकाळी दव असतं, म्हणून ऊन चांगलं वर आल्यावर ११ नंतर रंगवा, आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा सुटायच्या आत, नाहीतर धूळ बसते.

काचांसाठी झेरॉक्सवाल्याकडचं स्पायरल बाइंडिंगचं पारदर्शक कव्हर आतून लावा, पण फेविक्विकने नाही, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते, पांढऱ्या फेविकॉलचे बारीक ठिपके पुरतात. दिव्यांसाठी आर्टिफिशियल दागिन्यांचे चपटे खडे. आरसे, वायपर, दाराच्या मुठी सनबोर्डच्या कापलेल्या कातरणातून.

नंबर प्लेट सगळ्यात शेवटी. खरी ५०० बाय १२० एमएमची, म्हणजे आपली २१ बाय ५. एमएच १५ टाकून कागदावर प्रिंट काढा, वर पारदर्शक टेप लावा आणि मग कापा, आधी कापून नंतर टेप लावली तर कड उचलते. पुढचा नंबर भाचा ठरवतो, यावेळी त्याने त्याच्या आजोबांच्या जुन्या जीपचा दिलाय आणि ती प्लेट मी अजून लावलेली नाही, तो दिवाळीला आला की त्याच्याच हाताने लावायची आहे.